व्हेपचा सेल: खिशात, चार्जरवर आणि कपाटात

माझ्यासमोर टेबलावर एक सुटा लिथियम-आयन सेल आहे. अंगठ्याएवढा, पण हातात घेतला की आकाराच्या मानाने जड, साधारण ४५ ग्रॅमचा. जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून याचं नाव १८६५०. मोठ्या व्हेप (ई-सिगारेट) मशीनमध्ये बदलता येणारा सेल असतो तो बहुतेक वेळा हाच, नाहीतर याचा थोरला भाऊ २१७००. टॉर्च, पॉवर बँक, जुन्या लॅपटॉपची बॅटरी यांच्या पोटातही बऱ्याचदा हाच असतो. व्हेप ओढावं की नाही, हा प्रश्न आज बाजूला ठेवतो. पण ज्या घरात असा सेल आहे तिथल्या प्रत्येकाला त्याचा स्वभाव माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण याच्यामुळे झालेले बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात.

सेल उभा धरून वरचं टोक डोळ्यांजवळ आणा. मधोमध धातूची चकती दिसते, ती पॉझिटिव्ह. तिच्याभोवती पांढऱ्या कागदाचं किंवा प्लास्टिकचं एक कडं असतं. त्याच्याही बाहेर, जिथे सेलची कड गोल वळते, तिथे अंगावरचं रंगीत प्लास्टिक दुमडून आत आलेलं असतं. आता खरी गोष्ट. आपण समजतो की निगेटिव्ह म्हणजे फक्त खालचा सपाट तळ. तसं नाही. सेलचा अख्खा धातूचा डबा निगेटिव्ह असतो, तळापासून थेट या वरच्या कडेपर्यंत. म्हणजे पॉझिटिव्ह चकती आणि निगेटिव्ह कड यांच्यात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं अंतर, आणि मध्ये ते कडं नि कागदासारखं पातळ वेष्टन. हे वेष्टन शोभेचं नाही. ते सेलचं सगळ्यात महत्त्वाचं संरक्षण आहे.

माझ्या या सेलच्या कडेला नखाएवढी चीर पडली आहे. आतला चकचकीत धातू दिसतो. मशीनमध्ये घालताना एखादा धातूचा भाग त्या चिरेला आणि चकतीला एकाच वेळी टेकला, तर सेल शॉर्ट होईल.

शॉर्ट होणं म्हणजे काय, याचा हिशोब अवघड नाही. भरलेल्या सेलचा विद्युत दाब (व्होल्टेज) ४.२ व्होल्ट. त्याचा आतला रोध फारच कमी, अशा दमदार सेलमध्ये ३० मिलीओमच्या आसपास. दोन्ही टोकं थेट जोडली गेली तर ४.२ भागिले ०.०३, म्हणजे १४० अँपिअर. त्या क्षणी सेलच्या पोटात अर्ध्या किलोवॅटहून जास्त उष्णता तयार होते, आणि तीही ४५ ग्रॅमच्या बंद डब्यात. दर सेकंदाला दहा-बारा अंशांनी तापमान चढेल इतकी. खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी इतकी घट्ट टेकत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात प्रवाह कमी असतो. पण याच्या चौथाई प्रवाहसुद्धा किल्ली चटका बसेल इतकी तापवायला आणि सेलला पुढच्या संकटात ढकलायला पुरतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात तिथे बातम्यांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यांनी तपासल्या. त्यातल्या ६१ घटना उपकरण किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. वापरात असताना ६०. चार्जिंग चालू असताना ४८, आणि नुसतं ठेवलेलं असताना १८. लोक चार्जरला घाबरतात आणि ते बरोबरच आहे, पण खिसा त्याहून वाईट निघाला. खिशात सेल पेटला की तो मांडीला टेकलेला असतो आणि झटकून टाकता येत नाही. म्हणून चार्जिंगच्या आधी मला खिशाबद्दल सांगायचं आहे. सुटा सेल खिशात, पर्समध्ये किंवा बॅगेच्या कप्प्यात कधीही मोकळा टाकू नका, ‘पाच मिनिटांचाच तर प्रश्न’ म्हणूनही नाही. सेलसाठी प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या डब्या मिळतात, त्या अगदी स्वस्त असतात. डबी नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.

आता हा सेल इतका आक्रस्ताळा का, हे समजून घेऊ. लिथियम-आयन सेल बाजारात आणला तो सोनीने, १९९१ साली. ज्यांच्या संशोधनावर तो उभा आहे त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आतली रचना गुंडाळलेल्या सतरंजीसारखी आहे. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम असलेल्या धातूच्या ऑक्साइडचा लेप, आणि दोघांच्या मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, केसाहूनही पातळ. हे सगळं एका द्रवात भिजलेलं असतं. साध्या पेन्सिल सेलमध्ये हा द्रव पाण्यात केलेला असतो. इथे मात्र तो पेट घेणारा सेंद्रिय द्रव आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना ते परत येतात. सगळा खेळ त्या पडद्यावर आहे.

सेल कुठल्याही कारणाने साधारण १०० अंशांच्या आसपास तापला की ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर मोडायला लागतो, आणि त्या मोडण्यातूनच आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळायला लागतो आणि आतल्या आत शॉर्ट होतं. पुढे २०० अंशांच्या सुमाराला दुसऱ्या लेपातून ऑक्सिजन सुटायला लागतो. म्हणजे इंधन आत, उष्णता आत आणि ऑक्सिजनही आत. बाहेरची हवा बंद केली तरी ही आग विझत नाही, कारण तिला बाहेरच्या हवेची गरजच उरलेली नसते. एकदा ही साखळी सुरू झाली की सेलला तापवायला बाहेरून काही लागत नाही, तो स्वतःच स्वतःला तापवत जातो. वरच्या चकतीखाली एक झडप असते, आत वायूचा दाब वाढला की ती फुटून तो बाहेर सोडते. व्हेप मशीनला हा वायू निघून जायला भोकं नसतील किंवा ती बुजलेली असतील, तर तो धातूचा नळकांडा बॉम्बसारखा वागतो. मशीन घेताना मी सगळ्यात आधी ही भोकं बघायला सांगतो.

चार्जिंगकडे येऊ. चांगला चार्जर दोन टप्प्यांत काम करतो. आधी ठरावीक प्रवाह देत राहतो आणि सेलचा दाब चढू देतो. ४.२ व्होल्टला पोचला की दाब तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू बारीक करत नेतो, हंडा काठोकाठ भरत आला की आपण नळ बारीक करतो तसा. शेवटी प्रवाह अगदी थोडा उरला की बंद. ४.२ ला फार मोजकी सूट असते, ०.०५ व्होल्ट इकडेतिकडे. स्वस्तातला चार्जर इथेच घात करतो. तो ४.३, ४.४ पर्यंत रेटत राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून सेल बदलता येत असेल तर तो मशीनमध्येच केबल लावून चार्ज करण्यापेक्षा वेगळ्या, चांगल्या चार्जरमध्ये करावा असं माझं मत आहे. प्रत्येक सेलचा दाब आकड्यात दाखवणारा आणि प्रत्येक खाचा स्वतंत्रपणे सांभाळणारा चार्जर बघा. सोबत साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) घ्या. चार्जरमधून काढलेल्या सेलवर ४.२२ च्या वर आकडा दिसला तर मीटर आणि चार्जर दोन्ही तपासा, आणि चार्जरच चुकत असेल तर तो बाद करा.

प्रवाह किती ठेवायचा? क्षमतेच्या निम्मा म्हणजे सुखाचा. ३००० एमएएचच्या (मिलीअँपिअर-तास, हे क्षमतेचं माप) सेलला दीड अँपिअर चालतो, घाई नसेल तर एकच ठेवा. सेल कमी तापतो आणि जास्त दिवस टिकतो. चार्ज होताना हाताला कोमट लागणं ठीक आहे. हात लावून ठेवता येणार नाही इतका गरम झाला तर प्लग काढा.

ज्या व्हेपमध्ये बॅटरी आतच बसवलेली असते, तिथे त्याच्यासोबत आलेली केबल आणि सांगितलेला अडॅप्टर वापरा. बरीच छोटी उपकरणं पाच व्होल्ट, एक अँपिअरच्या हिशोबाने बनवलेली असतात. काही स्वस्त उपकरणं दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. ती बिघडलेली नसतात, त्यांच्यात चार्जरशी बोलणी करणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेले नसतात. अशा वेळी जुन्या चौकोनी यूएसबीची केबल वापरा, जोर लावून खटपट करू नका. आणि अशा उपकरणाचं अंग फुगलेलं, सांधा उघडलेला किंवा डिस्प्ले वर उचललेला दिसला तर ते तिथेच थांबवा. आतली चपटी बॅटरी वायूने फुगली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि पुन्हा चार्जला लावायचं नाही. सुट्या गोल सेलचा डबा पोलादी असल्यामुळे तो असा फुगून इशारा देत नाही, हे त्याच्याबाबतीत लक्षात ठेवावं लागतं.

चार्जर ठेवायचा फरशीवर, काचेवर किंवा दगडी ओट्यावर. गादी, सोफा, उशी, कागदांचा ढीग यांच्यावर नाही, आणि दाराच्या वाटेत तर अजिबात नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो. झोपताना चार्जिंगला लावायची सवय मोडा. झोपेत वास कळत नाही, बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि जाग येते तोवर खोली धुराने भरलेली असते. हे पाळणं जड जातं हे मला माहीत आहे, दिवसभर वेळ मिळत नाही. मग दोन सेल ठेवा, एक वापरात आणि एक जागेपणी भरून डबीत.

थंडीचाही एक मुद्दा आहे. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरत नाही, वर धातू होऊन साचतं. त्याच्या सुया वाढून पडद्यापर्यंत पोचू शकतात. गारठलेला सेल आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हात राहिलेल्या गाडीतून काढलेल्या तापलेल्या सेलचंही तेच, आधी निवू द्या.

पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, दर वेळी पूर्ण संपू द्या, असे सल्ले अजून दिले जातात. ते निकेल-कॅडमियमच्या जमान्यातले आहेत. निकेल-कॅडमियमचा सेल अर्धवट वापरून चार्ज केला की तेवढीच क्षमता लक्षात ठेवल्यासारखा वागायचा, लिथियम-आयनला तसली आठवण नसते. उलट पूर्ण संपवणं हे त्याला मारणं आहे. दाब २.५ व्होल्टच्या खूप खाली जाऊन बराच काळ तिथेच राहिला तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते भलत्या जागी सुईसारखं जमतं. सेल वरून ठणठणीत दिसतो आणि आत शॉर्टची बीजं पेरलेली असतात. ‘मेलेला सेल जिवंत करायच्या’ युक्त्या दाखवल्या जातात, कृपा करून त्या करू नका. मी ३.२–३.३ व्होल्टला आलेला सेल काढून चार्जरला लावतो.

वापरातल्या जोखमीचा बराचसा भाग खरेदीच्या वेळीच ठरतो, आणि इथे दोन आकडे कळायला हवेत. एक क्षमता, म्हणजे किती वेळ चालेल. दुसरा सततचा प्रवाह, म्हणजे एका वेळी सेल न दमता किती अँपिअर देऊ शकेल. एकाच आकाराच्या डब्यात हे दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. ३५०० एमएएचचे सेल साधारण ८ ते १० अँपिअरचे असतात, २५०० एमएएचचे २० अँपिअरपर्यंत जातात. वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल सरळ खोटा आहे, त्या डब्यात तेवढी ऊर्जा मावतच नाही. असे सेल काट्यावर ठेवले की बऱ्याचदा उघडे पडतात, खऱ्यापेक्षा बरेच हलके निघतात. ‘४० अँपिअर’ असं ठळक छापलेलं असेल तर तो बहुतेकदा क्षणभराचा प्रवाह असतो, सततचा नाही. आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल व्हेपला लावू नका. तो कमी प्रवाहासाठी बनवलेला आणि आधीच झिजलेला असतो.

तुमचं मशीन किती मागतं हे ओमच्या नियमाने काढता येतं. इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेल्या, ज्याला मेकॅनिकल मॉड म्हणतात अशा मशीनमध्ये ०.२ ओमची कॉइल (द्रव तापवून वाफ करणारी तार) असेल तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर. सेल १० अँपिअरचा असेल तर दर झुरक्याला तुम्ही त्याची दुप्पट पिळवणूक करताय. त्या मशीनमध्ये शॉर्ट ओळखून थांबवणारं काहीच नसतं. ज्याला हा भागाकार सहज जमत नाही त्याने मेकॅनिकल मॉडच्या वाटेला जाऊ नये, हे मी ठामपणे म्हणेन. सर्किट असलेल्या एका सेलच्या मशीनमध्ये गंमत उलटी आहे. तिथे वॅट कायम राहतात, त्यामुळे दाब उतरतो तसा प्रवाह वाढतो. मशीन ८० वॅटवर ठेवलं तर भरलेल्या सेलमधून १९ अँपिअर निघतात, तर तोच ३.२ व्होल्टवर आला की २५. म्हणजे सेलवर सगळ्यात जास्त ताण येतो तो संपत आलेला असताना. शेवटच्या टप्प्यात वॅट उतरवले तर त्याला दिलासा मिळतो.

दोन सेलच्या मशीनला एकाच दिवशी घेतलेली, एकाच बनावटीची जोडी लावा आणि शेवटपर्यंत जोडीनेच वापरा, जोडीनेच चार्ज करा. त्यांच्यावर ‘क१’, ‘क२’ असं लिहून ठेवलं की घोळ होत नाही. एक दमदार आणि एक दमलेला अशी जोडी एकापुढे एक लागली तर दमलेला आधी रिकामा होतो आणि दमदार त्याला शून्याच्याही खाली ओढत नेतो.

आता माझ्या चीर पडलेल्या सेलचं. डबा चेपलेला नसेल आणि पॉझिटिव्हभोवतीचं कडं शाबूत असेल, तर नवं वेष्टन चढवता येतं. त्याच मापाची पातळ नळी मिळते. जुनं वेष्टन काढायचं ते प्लास्टिकच्या पट्टीने, ब्लेडने किंवा सुरीने नाही. कडं नीट बसवायचं, नळी सरकवायची आणि केस वाळवायच्या मशीनची गरम हवा फिरवत काही सेकंद द्यायची, नळी आकसून बसते. लायटर वापरू नका. हात थरथरत असतील किंवा मनात शंका असेल तर सेल निकाली काढा. चेपलेल्या सेलला मात्र वेष्टनाचा उपयोग नाही, आतला पडदा कुठे दबला आहे हे बाहेरून दिसत नाही. भरल्यावर एका रात्रीत ४.२ वरून ४ व्होल्टला उतरणारा, पूर्वीपेक्षा जास्त तापणारा किंवा गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास येणारा सेलही बाद.

महिनाभर वापरणार नसाल तर सेल भरून ठेवू नका, संपवूनही नाही. साधारण निम्मा, ३.६ ते ३.७ व्होल्टवर, डबीत घालून, कोरड्या नि थंड कपाटात ठेवा. भरलेला सेल उन्हाळ्याच्या उष्णतेत पडून राहिला तर नुसता पडून पडून म्हातारा होतो. फ्रिजची गरज नाही, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं त्याचाच त्रास. दोन-तीन महिन्यांनी एकदा मीटर लावून पाहा. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी जागा हवी.

आंतरराष्ट्रीय विमान नियमांप्रमाणे व्हेप आणि सुटे सेल फक्त हातातल्या बॅगेत चालतात, सामानाच्या पोटात नाही. कारण साधं आहे, केबिनमध्ये आग लागली तर कर्मचारी तिथे पोचू शकतात. प्रत्येक सेल वेगळा झाकलेला हवा, आणि प्रवासात व्हेप चार्ज करायचं नाही.

सेल फुसफुसायला लागला, धूर किंवा वास सोडायला लागला तर तो उचलायचा मोह टाळा. माणसं बाहेर काढा, धुरापासून लांब राहा, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. चार्जर असेल तर मुख्य बटण बंद करा. सेल एकच असेल आणि लांबून जमत असेल तर भरपूर पाणी ओता. लिथियम म्हटलं की पाणी नको असं बरेच जण म्हणतात. पण या सेलला थंड करणं गरजेचं असतं आणि ते पाणीच करतं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबतात, सेल तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटतो. आग पसरत असेल तर दार ओढून बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. कुणी भाजलं तर द्रवाने भिजलेले कपडे लगेच काढा, जखमेवर वाहतं पाणी वीसेक मिनिटं सोडा, आणि दवाखान्यात ‘बॅटरीने भाजलंय’ हे आधी सांगा. नुसत्या आगीचं भाजणं आणि रसायनाचं भाजणं यांच्यावरचे उपचार वेगळे असतात.

बाद झालेला सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो, फुटतो, आणि आग लागते ती कचरा उचलणाऱ्या माणसांच्या अंगाशी. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून सेल ई-कचरा किंवा बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. देईपर्यंत एका बरणीत कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, घराबाहेर, सावलीत.